मुखरूभाऊंचा सकाळचा सेल्फ

आमच्या शेजारचे मुखरूभाऊ आपल्या ट्रॅक्टरला ‘बाई’ म्हणतात, आणि बाई बंद पडली असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही. बाई बंद पडत नाही, बाई नाराज होते. रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्यानं सहज विचारलं, "का जी मुखरूभाऊ, चालू नाई होऊन राह्यला का?" तर हा माणूस सीटवरून खाली उतरतो, त्याच्या सायकलचं हँडल धरतो आणि समजावून सांगतो की चालू-बंद बल्बाचं असते, बाईचं नाई. विचारणाऱ्याला कुरखेड्याची बस धरायची असते. ती सुटते. मुखरूभाऊंना त्याचं काही नसतं, कारण त्यांना कुठलीच बस धरायची नसते.

बाई म्हणजे काय, तर एके काळी लाल असावा असा एक ट्रॅक्टर. सीटवर गोणपाट, एक दिवा फुटका, दुसरा मुळातच नाही. सायलेन्सरमध्ये पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून त्यावर रंगाचा रिकामा डबा उपडा घातलेला. चुकून ट्रॅक्टर चालू झालाच, तर पहिल्या धुरासोबत हा डबा उडतो आणि आमच्या छपराच्या कवेलूंवर येऊन पडतो. कवेलू फुटले म्हणून मी भांडायला गेले, तर म्हणाले, "शुभ हाय, लताबाई. बाईचा पह्यला नमस्कार तुमच्या घराले." मी त्यांना सांगितलं, तुमच्या बाईला म्हणावं लांबूनच नमस्कार कर.

पण डब्याचं दुखणं कधीमधीचं. रोजचं दुखणं वेगळंच आहे. रोज सकाळी, नीट उजाडलेलंही नसतं, तेव्हा कुंपणाच्या पलीकडे घुंई... घुंई... घुं... असा आवाज सुरू होतो. जेवून सुस्तावलेली म्हैस उठवताना कण्हते तसा. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा घुंई. शेतात काम असो नसो, पाऊस असो की दिवाळी असो, स्टार्टर दाबून सेल्फ मारल्याशिवाय मुखरूभाऊंचा दिवस उगवत नाही. मी अनेकदा कुंपणातून पाहिलं आहे. सेल्फ मारतात, थांबतात, मान वळवून मागे आपल्याच सैपाकघराच्या दाराकडे बघतात, पुन्हा मारतात, पुन्हा बघतात. मला वाटायचं, आपली फजिती कोणी बघत तर नाही ना, हे बघतात. एवढी लाज असेल तर मारूच नये माणसानं सेल्फ.

तसे सकाळचे आवाज आमच्या गल्लीत कमी नाहीत. इथं नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, त्यामुळे प्रत्येक घराची हाक निराळी. आमचे हे मला "राजूची माय" म्हणून ओरडतात, तेही असं की राजूला वाटावं घराला आग लागली. समोरचे पोस्टमन नुसतं खाकरतात, आणि त्यांची बायको चहा घेऊन येते. मी ह्यांना "अवो" म्हणते, तर गल्लीतले सगळेच पुरुष वळून बघतात. पण या आवाजांना काही अर्थ असतो. शेवटी चहा येतो, पाणी येतं. ट्रॅक्टरच्या कण्हण्यातून काय येतं? काळा धूरसुद्धा येत नाही.

मुखरूभाऊंना कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "हवा धरली." डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालू होत नाही, हे खरं आहे, आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्या कुणालाही ते माहीत असतं. फिल्टरजवळचा नट ढिला करायचा, हातपंप दाबायचा, बुडबुडे निघून गेले की नट आवळायचा. एवढी एक विद्या मुखरूभाऊंना येते, आणि तेवढ्यावर ते सगळं जग दुरुस्त करायला निघतात. माझा गुडघा दुखला, तर गुडघ्यात हवा धरली. पोस्टमनच्या पुतणीचं जुळत आलेलं लग्न मोडलं, तर बोलण्यात हवा धरली. सरपंचाचा माईक बोलेना, हवा. माईकमध्ये हवा धरते हे ऐकून सरपंचही गप्प बसले. गुडघ्यावर त्यांनी मला उपाय सांगितला की, "थोडं ढिलं सोडा, लताबाई, मंग आवळा." मी म्हटलं, तुमची बत्तिशी ढिली करते, मग तुम्हीच आवळा.

संध्याकाळी आणखी एक सोहळा. रोज रेडिएटरचा नळ सोडून सगळं पाणी काढून टाकायचं. कारण? "बाईनं रातच्यानं पोट रिकामं ठेवलेलं बरं." ते पाणी सैपाकघराच्या दाराशी लावलेल्या अबोलीच्या वाफ्यात जातं. अबोली फुलते छान, ट्रॅक्टर मात्र सकाळी ठणठणीत कोरडा. असल्या माणसाला काय म्हणावं?

त्यांची बायको सगुणाबाई मात्र सोन्यासारखी होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुंपणाला आम्ही दोघींनी मिळून एक फट पाडली होती, तिथून वाटीभर साखर, मूठभर जवस, सुनांच्या तक्रारी, सगळं इकडून तिकडे जायचं. सुना आमच्या दोघींनाही नव्हत्या, पण तक्रारी करायला दुसऱ्यांच्या चालतात. तिचं एकच मला पटत नव्हतं, ते म्हणजे नवऱ्याचे लाड. हिवाळ्यात रोज सकाळी ती वाफाळलेलं पाणी पितळेच्या गुंडात घेऊन सैपाकघरातून बाहेर पडायची आणि ट्रॅक्टरला वळसा घालून पलीकडे जायची. पलीकडे न्हाणी होती. म्हणजे या महाराजांना अंघोळीला गरम पाणी, तेही हातात आणून! आमचे हे तलावावर जाऊन गार पाण्यात बुडी मारून येतात, मी त्यांना सगुणाबाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन टोमणे मारायची. ह्यांना ते उलटं लागायचं. म्हणायचे, "पाह्य, त्याच्या बायकोले कदर हाय."

मागच्या हिवाळ्यात सगुणाबाई झोपेतच गेली. कोणाला काही कळलंच नाही. सकाळी ट्रॅक्टरचा आवाज मात्र नेहमीपेक्षा फार वेळ चालला होता, इतका की गल्लीतले लोक वैतागले होते. मग आवाज बारीक होत होत थांबला, आणि थोड्या वेळानं मुखरूभाऊ बाहेर येऊन ओट्यावर बसले. तेरावं होईपर्यंत त्यांनी सेल्फला हात लावला नाही. चौदाव्या दिवसापासून घुंई पुन्हा सुरू. मी ह्यांना म्हटलं, माणसाला दुःख असं किती दिवस पुरतं बघा.

तर असा हा माणूस, आणि यंदा माझं वर्षभराचं धान त्याच्या हातात आलं.

आमची धानाची बांधी गावाच्या टोकाला, जंगलाला लागून. धान कापून झालं होतं, पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवले होते, चुरणी, म्हणजे मळणी, तेवढी राहिली होती. तशात हत्ती आले. आमच्याकडे आता हिवाळ्यात थंडी येते तसे हत्तीही येतात. शेजारच्या गावात त्यांनी पुंजणे खाल्ले ते खाल्ले, उरलेले पायानं पसरून टाकले, जसं काही वाळवणच घालायचं होतं. वनरक्षक मोटारसायकलवरून येऊन सांगून गेला की टोळी आपल्या बाजूला वळली आहे, ज्यांचं धान जंगलाकडे आहे त्यांनी लवकर चुरून घरी न्यावं. सांगायला काय जातं त्याचं? गावातले धड चालणारे ट्रॅक्टर सगळे दुसऱ्यांच्या बांध्यांत अडकलेले. मळणीयंत्र जोडायला मोकळा असा एकच ट्रॅक्टर होता. तो मोकळाच असतो.

मी स्वतः गेले. मुखरूभाऊ म्हणाले, "तुमचं धान का आनि आमचं का. सकाळीच निंगू." आणि सकाळी घुंई.

आमचे हे, पोस्टमन, आणखी चार-पाच जण जमले. मुखरूभाऊंनी आधी हवा काढली. मग पुन्हा काढली. डिझेल हाताला लागून कोपरापर्यंत गेलं, पण बाई घुं करून गप्प. मग सगळ्यांनी धक्का मारत ट्रॅक्टर तलावाच्या पाळीवर चढवला. एरवी उतारावर सोडून गिअर टाकला की खोकत खोकत तो चालू होतो. त्या दिवशी नुसता घसरत खाली आला आणि बेशरमीच्या झुडपात जाऊन थांबला. पोस्टमनच्या कमरेत लचक भरली. मुखरूभाऊंनी सांगितलं, कमरेत हवा धरली असंल. पोस्टमनला आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी शिवी देताना मी ऐकलं.

शेवटी ह्यांनी कुरखेड्याहून मिस्त्री आणला. मिस्त्री तरुण, तोंडाळ, पण कामाचा. त्यानं बॅटरी बघितली, तिच्या टोकांवर पांढरा चुना धरला होता, तो खरवडला. अर्थिंगची वायर गंजलेली होती, ती घासून आवळली. मग स्वतःची भरलेली बॅटरी लावून सेल्फ मारला. आवाज पहिल्यापेक्षा बरा आला, पांढरा धूरही निघाला, पण इंजिन काही पेटलं नाही. मिस्त्री म्हणाला की हवाबिवा काही नाही, इंजिन जुनं आहे, थंडीनं आतलं तेल घट्ट होतं, म्हणून ते जोरात फिरत नाही आणि पेट घेत नाही. उपाय सोपा आहे. गुंडभर पाणी तापवा आणि रेडिएटरमध्ये ओता, इंजिन शेकलं की लगेच उठेल.

मी पदर खोचून पाणी तापवायला निघालेच होते. तोच मुखरूभाऊ रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "गरम पानी नाई टाकाचं."

मिस्त्रीनं विचारलं, काऊन. मुखरूभाऊ म्हणाले, "इंजिनचं हेड फाटते."

मिस्त्रीनं समजावलं की उकळतं नाही, नुसतं कढत, हळूहळू ओतायचं, काही फाटत नाही. नाही म्हणजे नाही. ह्यांनी समजावलं. पोस्टमननं कमरेवर हात ठेवून समजावलं. मी तर काय काय बोलले ते लिहीत नाही. हत्ती माझ्या पुंजण्यांच्या वासावर निघालेत आणि हा माणूस लोखंडाच्या डोक्याची काळजी करत उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी हात काढला नाही, आणि वर डोळ्याला डोळाही देईनात, झाकणाकडेच बघत उभे. मिस्त्री वैतागून निघाला. ह्यांनी हातापाया पडून त्याची बॅटरी तेवढी एका दिवसासाठी ठेवून घेतली. संध्याकाळी मुखरूभाऊंनी रेडिएटरचं पाणी नेहमीप्रमाणे अबोलीला सोडलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी मी त्यांच्याही आधी उठले होते. चुलीवर पाणी ठेवलं होतं. ठरवलंच होतं, आज विचारायचं नाही, सरळ जाऊन ओतायचं, फाटलं डोकं तर फाटलं. पलीकडे घुंई सुरू झाली तसा मी गुंड उचलला. पुढच्या दारानं गेले असते तर त्यांनी लांबूनच पाहून अडवलं असतं, म्हणून कुंपणाच्या फटीतून घुसले. ती फट निघते सगुणाबाईच्या सैपाकघराच्या दाराशी.

घुंई थांबली. मुखरूभाऊंनी सवयीनं मान वळवून मागे बघितलं. दाराशी मी उभी होते, हातात वाफाळलेला गुंड, डोक्यावर थंडीमुळे पदर.

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. क्षणभर, अगदी क्षणभर, तो असा काही उजळला की मी बघितलेला माणूस तो नव्हेच. मग त्यांना दिसलं की ही मी आहे.

मी भांडायचा सगळा मालमसाला घेऊन आले होते. तो सगळा जागच्या जागी वाया गेला. ते हळूच खाली उतरले, चाकाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "इथूनच येत होती."

मला वाटलं, अंघोळीच्या पाण्याचं म्हणतात. तसं मी बोललेही. त्यांनी मान हलवली. अंघोळ ते तलावावरच करायचे, जन्मभर. पाणी ट्रॅक्टरचं होतं. हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार, रोज सकाळी ती आणून रेडिएटर भरायची, तेव्हा ट्रॅक्टर चालू व्हायचा.

मी विचारलं, मग काल का आडवे आलात? गरम पाण्यानं हेड फाटते म्हणालात ते?

"नाई फाटत जी. खोटं बोललो." मग बराच वेळ ते गोणपाटाचा दोरा उसवत राहिले. "तिले हाक कशी मारू? नाव तं घेता येत नाई. लेकरू असतं तं त्याची माय म्हनलो असतो. तेही नाई. मंग मी बाईचा सेल्फ मारत होतो. तिले आतमधी आयकू जाये, मंग ते पानी घिऊन ये. सारा जनम असाच आवाज देल्ला."

मी गुंड धरून उभी होते. हाताला चटके बसत होते, पण खाली ठेवायचं सुचलं नाही.

"त्या दिवशी बी देल्ला," ते म्हणाले. "बॅटरी उतरेपर्यंत देऊन राह्यलो होतो. आलीच नाई. मंग मी आत जाऊन पाह्यलो."

मला रडू आलं. उगीच आडून कशाला सांगू, हुंदका देऊन रडले. ज्या आवाजाला सगळी गल्ली रोज शिव्या घालत होती, तो या माणसाची बायकोला मारलेली हाक होती, आणि वर्षभर तो ती मारतच होता. तिनं ओतायचं पाणी दुसऱ्या कोणी ओतलं, की मग हाकेला काही कारणच उरणार नव्हतं. म्हणून झाकणावर हात.

मी म्हटलं, भाऊ, राहू द्या. मी जाते परत. धानाचं बघू काय व्हायचं ते.

तिकडे बांध्यांच्या दिशेनं कुणाचे तरी फटाके वाजत होते, लोक हत्तींना हाकलत असावेत. मग मुखरूभाऊंनी पुढे होऊन स्वतः रेडिएटरचं झाकण काढलं.

"वता," ते म्हणाले. "पन हळू. ते कडेकडेनं वतत होती."

मी कडेकडेनं ओतलं. त्यांनी वर चढून सेल्फ मारला. दोनदा घुंई झालं, आणि मग एकदम धडधड करून ट्रॅक्टर उठला. डबा उडाला, आमच्या कवेलूंवर पडला, दोन-चार फुटल्याचा आवाज आला. आमचे हे लुंगी सावरत धावत बाहेर आले.

दिवसभर चुरणी चालली. मुखरूभाऊंनी जेवायलाही ट्रॅक्टर बंद केला नाही, न जाणो पुन्हा नाराज झाला तर. पोती घरात आली तेव्हा दिवस मावळत होता. दोन दिवसांनी हत्ती आमच्या बांधीत येऊन गेले. त्यांना तिथं चुरून उरलेली नुसती तणस मिळाली, तीही त्यांनी सगळीकडे पसरून ठेवली. मला तेवढाच आनंद झाला.

मुखरूभाऊंमध्ये बदल काही नाही. कवेलूंचं विचारलं तर शुभ हाय म्हणतात. माझ्या गुडघ्यातली हवा अजून निघायची आहे असं त्यांचं मत आहे, आणि ते मत घेऊन त्यांनी माझ्यासमोर फार वेळ उभं राहू नये असं माझं मत आहे. कामाच्या दिवशी मी पाणी तापवून आमच्या ओट्यावर ठेवते, ते येऊन घेऊन जातात. त्या दाराशी मी पुन्हा उभी राहिले नाही. ती जागा माझी नाही.

चुरणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणाचंच काही काम नव्हतं. तरी उजाडताना पलीकडे आवाज सुरू झाला. ह्यांनी कूस बदलली, डोक्यावर चादर ओढली आणि म्हणाले, आता जाऊन सांगतोच याले, कामधंदा नाई तं काऊन उठवून राह्यला साऱ्या गल्लीले.

मी म्हटलं, गप पडा. हवा धरली असंल.

दोनदा घुंई झालं आणि थांबलं. या वेळी ते मान वळवून दाराकडे बघत असणार, हे मला पडल्या पडल्या कळत होतं. मी श्वास धरून वाट बघत राहिले. मग पुन्हा आवाज आला.